फक्त हुक लावायचे राहिलेत

(एकपात्री प्रयोग. रंगमंचाच्या एका बाजूला पायडलचं जुनं काळं शिवणयंत्र, त्यावरची सोनेरी वेलबुट्टी झिजलेली. शेजारी स्टूल. मागे दोरीवर हँगरला सहा-सात कपडे टांगलेले. बाई प्रवेश करते. वय 47. अंगात निळा कुर्ता. उजवा हात खांद्यापर्यंत उचललेला आहे आणि तो खाली येत नाही.)

हा हात आशीर्वादाचा नाही. प्रश्न विचारायचाय असंही नाही. (डाव्या हातानं उजवा हात खाली दाबते. सोडल्यावर तो परत वर येतो.) मुंढा फसलाय. बाही खांद्याला जिथे मिळते ना, त्या गोलाईला मुंढा म्हणतात. तिथे पाव इंच कमी पडलं की माणूस जन्मभर रिक्षाला हात करत राहतो. आत्ता येताना डोंबिवली स्टेशनबाहेर तीन रिक्षा आपणहून थांबल्या. वीस वर्षं राहतेय मी तिथे, असं कधी झालेलं नाही. तिसऱ्याला म्हटलं, भाऊ, नकोय रिक्षा, मुंढा आहे. तो म्हणाला, मुंढ्याला नाही जात.

तर हा कुर्ता मी शिवलाय. गेल्या पाडव्यापासून या पाडव्यापर्यंत एक वर्ष मी अंगावर जे जे नवीन घातलं, ते ते स्वतः शिवून घातलं. (प्रेक्षकांकडे बघते.) आतलं सोडून. लगेच काय बघायला लागलात?

लोक विचारतात, स्वावलंबन का? पर्यावरण का? नाही हो. सूड.

आमचे एक टेलर मास्तर आहेत. नाव नाही सांगणार, कारण माझा एक पीस अजून त्यांच्याकडे आहे. भाचीच्या लग्नाचा ब्लाउज दीड महिना आधी टाकला. 'मंगळवारी नक्की.' मंगळवारी गेले, तर लाइट नव्हती. पुढच्या मंगळवारी कारागीर गावाला गेला होता. मास्तरांचा कारागीर सारखा गावाला जातो. तिथे त्याची शेती आहे, आजारी आई आहे, तीन बहिणींची लग्नं आहेत, आणि माझ्या अंदाजानं दोन आया आहेत, कारण एक 2019 साली वारली होती. मग लग्नाच्या चार दिवस आधी मास्तर मान वर न करता म्हणाले, 'झालाय ताई. फक्त हुक लावायचे राहिलेत.'

बायकांनो, वीस वर्षं मी या वाक्यावर विश्वास ठेवला. डोळ्यांसमोर ब्लाउज दिसतो हो! अस्तर लागलंय, बाह्या चढल्यात, एक म्हातारा माणूस दिव्याखाली बसून एकेक हुक टाचतोय. लग्नाच्या आदल्या संध्याकाळी मी त्यांचं फडताळ स्वतः उघडलं. माझीच पिशवी. तिला मीच मारलेली गाठ. आत ब्लाउजपीस. न कापलेला! त्या ब्लाउजला खरोखरच फक्त हुक लावायचे राहिले होते, कारण हुक लावायला ब्लाउजच नव्हता.

लग्नाला जावेचा ब्लाउज घातला. जाऊ माझ्या दुप्पट. पाठीला सात सेफ्टी पिना. अख्ख्या अल्बममध्ये मी भिंतीला टेकून उभी आहे. जेवणाच्या पंगतीतसुद्धा. त्याच रात्री प्रतिज्ञा केली. आमच्या घरी प्रतिज्ञा कुणी मनावर घेत नाही, कारण नवऱ्यानं आत्तापर्यंत अकरा वेळा साखर सोडलीये.

(यंत्रापाशी जाते.) हे मशीन माझ्या आईचं. भिशीच्या पैशातून घेतलेलं. ती गेल्यावर माझ्याकडे आलं आणि आमच्याकडे ते टेबल झालं. त्यावर टीव्ही होता, मग मायक्रोवेव्ह, मग 'इथे ठेव, नंतर बघू' असं सगळं. मशीनवाल्याला बोलावलं. त्यानं तेल घातलं, वादी बदलली, चाक एकदा फिरवलं आणि म्हणाला, 'बाई, हिला काही झालेलं नाही. हिच्यापुढे कुणी बसलंच नाही.' आणि तीनशे रुपये घेतले. एवढ्या पैशात एवढं बोलून घ्यायला लोक ठाण्याला जातात.

मग शिवणक्लास. बिल्डिंगच्या तळमजल्यावर. बाकी सगळ्या एकोणीस-वीसच्या मुली. पहिला धडा झबलं. दुसरा टोपरं. तिसरा परत झबलं, बंदाचं. 47 वर्षांच्या बाईनं महिनाभर झबली शिवली आणि धुऊन बाल्कनीत वाळत घातली. समोरच्या वहिनी चार दिवस नुसत्या बघत होत्या. पाचव्या दिवशी वाटीभर डिंकाचे लाडू घेऊन आल्या. म्हणाल्या, 'या वयात जपायला हवं हो.' नवऱ्याशी लिफ्टमध्ये दोघांनी हस्तांदोलन केलं. तो अजून विचारतोय, कशाबद्दल.

मग आलं गणित. शाळेत मी ज्याला ओलांडून आर्ट्सला गेले, ते इथे टेप घेऊन उभं. कारण ब्लाउज म्हणजे सगळा छातीचा हिशेब. छाती भागिले 4, अधिक दीड इंच. गळ्याची रुंदी म्हणजे छातीचा बारावा भाग. मुंढा सहावा. आयुष्यात पहिल्यांदा कळलं की मी अपूर्णांकांची बनलेली आहे. माप घ्यायला नवऱ्याला बोलावलं. त्यानं टेप गुंडाळली, आकडा बघितला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, 'टेप जुनी आहे. आटली असेल.' पंचवीस वर्षांच्या संसारात हा माणूस इतकं समजून-उमजून कधी बोलला नव्हता. दुसरी टेप आणली. तीही आटलेली निघाली.

आणि तेव्हा मास्तर आठवले. मास्तरांच्या वहीत माझं माप आहे. वीस वर्षं मी दुकानात जाऊन म्हणतेय, 'मागचंच माप, मास्तर.' आणि ब्लाउज मला दर वेळी बसत आलाय. मागच्या मापाचा ब्लाउज पुढच्या बाईला बसतो कसा? म्हणजे तो माणूस दर वर्षी चष्म्यावरून एकदा बघायचा आणि गुपचूप अर्धा इंच वाढवायचा. कधी बोलला नाही. (थांबते.) सूड जरा पातळ झाला. पण भाचीच्या लग्नाचा अल्बम काढला, परत घट्ट झाला.

शिवायला बसले. तुम्हाला वाटेल, पाय मारला की टीप पडते. पाय मारला की मशीन उलटं फिरतं. वरचा दोरा तुटतो. दोरा ओवला की खालचा संपतो. बॉबिन भरली की सुई उलटी बसलेली असते. सगळं जमलं, कापड सरकलं, काय सुंदर आवाज! ठकठकठकठक. आणि खाली बघितलं तर चिमणीचं घरटं. दाबपट्टी खाली पाडायला विसरलेले.

(स्टुलावर बसते. हात वरच.) त्या काळात चिडून मी या यंत्राचं मूळ शोधलं. शिव्या नेमक्या कुणाला द्यायच्या ते कळायला नको? तिमोनिए नावाचा एक फ्रेंच शिंपी. त्यानं 1830 च्या सुमारास शिवणयंत्र केलं आणि पॅरिसमध्ये सैनिकांचे गणवेश शिवायचा कारखाना काढला. तिथल्या शिंप्यांनी मिळून कारखान्यात घुसून यंत्रं फोडली. पोटावर पाय येईल म्हणून. मला मात्र खात्री आहे, त्यातल्या दोघा-तिघांचा तरी दोरा सारखा तुटत होता.

पुढे अमेरिकेत सिंगर. 1851 चं पेटंट. आपले गांधीजी यंत्रांवर एवढे नाराज, पण 1924 मध्ये त्यांनी सांगितलं की सिंगरच्या शिवणयंत्राला माझा अपवाद. का? तर म्हणे सिंगरनं बायकोला हातानं टाके घालून दमताना बघितलं आणि तिच्यावरच्या प्रेमापोटी यंत्र केलं. किती छान! मी नवऱ्याला मुद्दाम वाचून दाखवलं. मग सिंगरसाहेबांचं चरित्र वाचलं. साहेबांचे एकाच शहरात एकाच वेळी तीन-चार संसार चालू होते. मुलं वीसच्या वर. प्रेमापोटी यंत्र केलं असेलही, पण कुठल्या बायकोच्या, एवढं महात्माजींनी विचारायला हवं होतं. माझा अंदाज वेगळा आहे. वीस-बावीस पोरांची झबली हातानं शिवणार कोण?

(उठून दोरीपाशी जाते. एक कपडा काढते.) हा पहिला कुर्ता. कापड दादरला हिंदमातावरून आणलं. दुकानदार म्हणाला, 'मॅडम, कॉटन आहे, आधी भिजवा, मग कापा.' मी म्हटलं, मला शिकवताय? पहिल्या धुण्यात तो गुडघ्याखालून गुडघ्यावर आला. दुसऱ्या धुण्यानंतर लेक घालते. तिच्या मैत्रिणी विचारतात, कुठल्या ब्रँडचा? ती म्हणते, आईची चूक. त्यांना तो ब्रँड वाटतो.

(दुसरा.) यावर मोर आहेत. पुढून बघा, नाचतायत. (उलटा करते.) पाठीवर शीर्षासनात. कापड दुमडून कापलं, दिशा बघायची राहिली. लोकलमध्ये मागे उभी असलेली बाई कल्याणपासून घाटकोपरपर्यंत मान वाकडी करून उभी होती. उतरताना म्हणाली, 'तुमची पाठ बघून माझी मान गेली.'

(तिसरा, एक घेरदार प्रकार.) हा झगा नाही. ही सलवार आहे. दोन पाय वेगळे शिवायचे, मग एकमेकांना आसनात जोडायचे. मी चारी तुकडे ओळीनं जोडत गेले. आसन जुळलंच नाही, गोल पूर्ण झाला. नामदेव महाराज जातीचे शिंपी. त्यांची 61 पदं गुरू ग्रंथसाहिबात आहेत, आणि त्यातल्या एकात शिंप्याचा गज आणि कात्री थेट नामस्मरणाला लावलीये. म्हणजे शिंपीकाम मन लावून केलं तर माणूस पंढरपुरावरून पंजाबात पोचतो. मी पंजाबी ड्रेस घेऊन निघाले आणि परकरात पोचले.

पण एक सांगते. (कुर्त्याच्या खिशात डावा हात घालते.) खिसा! बायकांनो, खिसा! आमच्या आजीच्या नऊवारीत कनवटीला पैसे, ओच्यात शेंगा, कमरेला किल्ल्या, सगळा संसार अंगावर. मग आपण शिकलो, नोकरीला लागलो, स्वतः कमवायला लागलो, आणि पैसे ठेवायची जागाच गेली. नवऱ्याच्या पँटला चार खिसे. चारही रिकामे! मी प्रत्येक कपड्याला खिसा लावला. कुर्त्याला, सलवारीला, गाऊनला. एका ब्लाउजलासुद्धा लावला होता, पण त्यात फोन ठेवला आणि तो वाजला तेव्हा मी बॉसच्या केबिनमध्ये होते. जाऊ दे.

ब्लाउज! सगळं तिथेच येऊन थांबतं. शर्ट चुकला तर ढगळ म्हणता येतो. ब्लाउजला लपायला जागा नाही. अहो, 80 सेंटिमीटर कापड, आणि त्यात अख्खी बाई बसवायची. तीही श्वास घेणारी.

मी ठरवलं, जुना ब्लाउज उसवायचा आणि त्याचाच बेत घ्यायचा. कपाटात तळाशी आईचा एक सापडला. मोरपंखी, टू बाय टू रुबियाचा. तिनं स्वतः या मशीनवर शिवलेला. ब्लेड घेतलं आणि बगलेतली शिवण उसवायला लागले.

शिवणीच्या आत जे जास्तीचं कापड सोडतात ना, त्याला आपल्याकडे माया म्हणतात. आई टेलरला सांगायची, 'पोर वाढत्या अंगाची आहे, माया सोडा भरपूर.' मला लहानपणी वाटायचं, माया मास्तर सोडतात आणि पैसे आई देते.

तर त्या मायेत टिपांच्या चार ओळी होत्या. ज्या उसवल्या होत्या, तिथे नुसती भोकं राहिलेली, मुंग्यांच्या रांगेसारखी. एक ओळ अगदी आत, बारीक बाईची. दुसरी त्याच्या बाहेर. ती मी झाल्यानंतरची असणार. तिसरी कडेला लागून. तिथे धाकटा भाऊ. कापड संपलं होतं तिथे. आणि चौथी. चौथी सगळ्यांच्या आत. पहिलीच्याही आत. ती मशीनची नव्हती. हाताची होती. लांब लांब धावदोरे, वाकडे. शेवटच्या वर्षी तिला पायडल मारवत नव्हतं.

(थांबते.)

बाहेरून तो ब्लाउज विटून पार पांढुरका झालेला. मायेच्या आतली घडी उलगडली, तर रंग... दुकानातून आज आणल्यासारखा.

(बऱ्याच वेळाने.) मी तो परत शिवला. तिच्याच भोकांवरून. उसवायला दहा मिनिटं लागली, शिवायला चार दिवस. पाचव्या दिवशी लक्षात आलं की बेत घ्यायचा राहिलाच.

मग स्वतःच्या हिमतीवर ब्लाउज क्रमांक एक. त्याचे दोन्ही पुढचे भाग उजवे. क्रमांक दोनला कटोऱ्या. एक कटोरी पूर्वेला बघते, एक ठाकुर्लीला. क्रमांक तीन सुरेख जमला. आरशासमोर उभी राहिले, हुक लावायला गेले, तर दोन्ही पट्ट्यांना हुकच! दोघंही अडकायला उत्सुक, अडकवून घ्यायला कुणी नाही. आमच्या सोसायटीची मीटिंग अशीच असते.

क्रमांक चार बसला. बसला म्हणजे, मी त्यात बसू शकत होते. नवऱ्यानं हिशेब मांडला. वाया गेलेले पीस, अस्तर, सुया, दोरे, ब्लेड, मलम, मशीनवाला, क्लासची फी. म्हणाला, 'हा ब्लाउज 6,340 रुपयांना पडला. पैठणीला आता लाज वाटेल.'

सासूबाईंना दाखवला. त्यांनी तो उलटा केला. शिवणातलं कळणारी बाई कपडा कधी सुलटा बघत नाही. शिवण नखानं ओढली, टीप बघितली, हातशिलाई बघितली. म्हणाल्या, 'बरा आहे.' अहो, पंचवीस वर्षं! माझ्या पुरणपोळीला 'चालेल', माझ्या नोकरीला 'असू दे', आणि ब्लाउजला 'बरा'! मी बाथरूममध्ये जाऊन रडले.

दुसऱ्या दिवशी मशीनवर एक पिशवी. आत सासूबाईंचा ब्लाउजपीस. 'घाई नाही हो. गुरुवारी दिलास तरी चालेल.'

तिथून घसरण सुरू झाली. समोरच्या वहिनी आल्या, डिंकाच्या लाडवांची वसुली. मग त्यांची बहीण. मग ऑफिसातल्या दोघी. मग वॉचमनची बायको मुलाचं झबलं मागायला; त्यात माझा हात बसलाय. आणि मी प्रत्येकीला काय सांगितलं असेल? (कुजबुजत.) 'मंगळवारी नक्की.'

शपथ सांगते, ठरवून नाही. समोर बाई पिशवी घेऊन उभी राहिली की ते तोंडातून आपोआप येतं. मंगळवारी वहिनी आल्या, मी म्हटलं, लाइट नव्हती. वहिनी समोरच राहतात! त्यांच्याकडे होती! पुढच्या मंगळवारी मी म्हटलं... (तोंडावर हात ठेवते) 'कारागीर गावाला गेलाय.' कारागीर कोण? मीच! मी त्यांच्यासमोर उभी! वहिनी म्हणाल्या, 'कधी येईल?' मी म्हटलं, 'त्याच्या आईची तब्येत बरी नाही.'

काल शेवटी मास्तरांकडे गेले. हुकांचं पाकीट संपलं होतं आणि रविवारी बाकी सगळं बंद. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, कुर्त्याकडे बघितलं. म्हणाले, 'बाही उलटी करा.' भर दुकानात बाही उलटी केली. त्यांनी चष्मा पुसला. 'टीप सरळ आहे. माया फार सोडलीये.' मी म्हटलं, 'पुढच्या वर्षासाठी.' ते म्हणाले, 'मीही सोडायचो तुमच्या ब्लाउजला. दीड इंच. नंतर दोन.'

मग खडू घेऊन मुंढ्यावर एक खूण केली. 'इथे पाव इंच खोल घ्या आणि मायेला कात्रीनं तीन चिमटे मारा. हात खाली येईल.' दोन मिनिटांचं काम. पण कुठून आणू दोन मिनिटं? (कोपऱ्यातून गाठी मारलेल्या पिशव्यांचा ढीग ओढून आणते.) अकरा पिशव्या आहेत!

निघताना त्यांना विचारलं, 'मास्तर, माझा तो पीस?' ते मान खाली घालून म्हणाले...

(फोन वाजतो. ती डाव्या हातानं खिशातून काढते. पडद्यावरचं नाव बघून दचकते. घसा साफ करते.)

हां, वहिनी, बोला ना. ...हो, हो, तुमचाच घेतलाय हातात. (घाईनं ढिगातून एक पिशवी ओढते, दातांनी गाठ सोडते, आतून घडी न मोडलेला ब्लाउजपीस काढून धरते. त्याच्याकडे बघते. प्रेक्षकांकडे बघते. आवाज मधाळ होतो.) अहो झालाय तुमचा. कालच झाला. फक्त...

(फोन खांद्यात धरून दुसऱ्या हातानं हुकांचं पाकीट उचलायला जाते. उजवा हात आपोआप पूर्ण वर जातो. विंगेतून रिक्षा करकचून थांबल्याचा आवाज आणि हॉर्न.)

(विंगेकडे वळून) नको हो भाऊ, मुंढा आहे!

(काळोख.)